जुळलंय की जुळवलंय? कॅमेऱ्यांच्या तुलनेचं एक परीक्षण



मागच्या महिन्यात विभागातल्या एका एमएस्सीच्या मुलीचा मेसेज आला. "ताई, प्रोजेक्टसाठी व्हिडिओ काढायचे आहेत. या दोनपैकी कुठला कॅमेरा घेऊ? तुलनेचा व्हिडिओ पाठवलाय, बघून सांगाल का?" व्हिडिओ पाहिला. पडदा मधोमध दुभागलेला, डावीकडे एक कॅमेरा, उजवीकडे दुसरा. तोच मुलगा, तीच बाग, तेच ऊन. डावीकडचं गवत जरा पिवळट, उजवीकडचं जरा निळसर. वीस मिनिटांनी निकाल लागला: रंगांच्या बाबतीत उजवीकडचा सरस.

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवण्याच्या नादात मी स्वतः चार महिने घालवले आहेत. ते कसे, हे आज सांगणार आहे. त्याबरोबरच अशा तुलनांमधल्या दोन नावाजलेल्या तुलनांना संशोधनाच्या कसोटीवर लावलं तर काय उरतं, तेही पाहू. कोर्सवर्कमध्ये 'चल', 'नियंत्रण', 'पूर्वग्रह' हे शब्द आपण पाठ करून पेपर लिहितो आणि विसरतो. ते खरोखर कशासाठी असतात हे समजून घ्यायला कॅमेऱ्यांची तुलना हा झकास विषय आहे.

आधी माझी गोष्ट

माझं काम भौतिक रसायनशास्त्रातलं, बेलुसॉव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रियेवरचं. नाव अवघड असलं तरी बघायला ही अभिक्रिया फार सुंदर आहे. मॅलॉनिक आम्ल, ब्रोमेट, ब्रोमाइड, सल्फ्युरिक आम्ल आणि थोडं फेरॉइन एकत्र ढवळत ठेवलं की द्रावण लाल दिसतं, मग निळं, पुन्हा लाल, पुन्हा निळं. बराच वेळ हे घड्याळासारखं चालू राहतं. रंग फेरॉइनमुळे बदलतो. त्यातल्या लोहाचं क्षपण झालेलं असलं की लाल, ऑक्सिडीकरण झालेलं असलं की निळा. म्हणजे रंग नीट मोजता आला, तर कुठल्या क्षणी किती फेरॉइन कोणत्या रूपात आहे ते काढता येतं.

हे मोजायचं खरं साधन स्पेक्ट्रोफोटोमीटर. विभागात तो एक, आणि पाळी लावणारे आम्ही अकरा जण. मग मी ठरवलं की व्हिडिओवरून मोजायचं. लॅबमध्ये एक मिररलेस कॅमेरा होता, दुसरा माझा फोन. दोन तापमानांना दोन बीकर, एकावर कॅमेरा, दुसऱ्यावर फोन. दोघांचे रंग अर्थातच वेगळे आले. मग मी तेच केलं जे कुणीही एडिटिंग करणारा करतो. दोन्ही फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, शेजारीशेजारी लावल्या आणि फोनचे रंग कॅमेऱ्याच्या रंगांसारखे दिसेपर्यंत चाकं फिरवली. लाल लालाशी जुळला, निळा निळ्याशी. त्यावरून काढलेले आलेख इतके देखणे आले की मी ते थेट प्रगती अहवालात लावले.

आरएसीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका मॅडमनी दोन्ही आलेख शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हे जुळलंय की जुळवलंय?"

मी म्हणाले, "जुळवलंय मॅडम, पण फक्त रंग."

"पण तू मोजतेयस ते रंगच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाइड सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. दोन बीकरमध्ये तापमानाचा फरक होता आणि तोच फरक मला शोधायचा होता. तो रंगात दिसणार होता. आणि मी नेमका रंगातला फरक हाताने पुसून टाकला होता.

तुलना नेमकी कशाची?

त्यानंतर मी कॅमेऱ्यांच्या तुलना वेगळ्या नजरेने बघायला लागले. पहिला प्रश्न असा: त्या बागेतल्या व्हिडिओत डावी-उजवीकडे जे दिसतं त्याला 'कॅमेऱ्याचा रंग' म्हणायचं का?

साखळी मोजून बघा. ऊन पानावर पडतं. परावर्तित झालेला प्रकाश भिंगातून जातो आणि भिंगाच्या लेपनाने थोडा रंगतो. मग तो सेन्सरवर पोहोचतो. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकटींची बारीक जाळी असते. बहुतेक कॅमेऱ्यांत अजूनही कोडॅकच्या ब्राइस बायर यांची रचना वापरतात, जिचं पेटंट १९७६ साली मिळालं. तिच्यात निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीनपैकी एकच रंग खरा मोजलेला असतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढलेले. पुढे श्वेत संतुलन, म्हणजे पांढऱ्याला पांढरं मानण्याचा निर्णय. मग त्या कंपनीने ठरवलेली रंगांची घडण, कॉन्ट्रास्टचा वक्र, फाइल लहान करण्यासाठी केलेलं कॉम्प्रेशन. त्यावर संकेतस्थळाचं आणखी एक कॉम्प्रेशन. आणि सगळ्यात शेवटी तुमच्या फोनचा पडदा, ज्याची स्वतःची आवडनिवड असते.

या साखळीतल्या निम्म्याहून जास्त पायऱ्या म्हणजे कुणीतरी घेतलेले निर्णय आहेत. गवत पिवळट दिसलं याचा अर्थ सेन्सर पिवळट आहे असा होत नाही. त्या कॅमेऱ्याने आपोआप पकडलेलं श्वेत संतुलन दुसऱ्यापेक्षा काही शे केल्विननी वेगळं असेल, एवढंच कारण पुरेसं आहे. दोन्हींवर हाताने ५६०० केल्विन लावलं असतं तर अर्धा फरक तिथेच मिटला असता. आणि अर्धा राहिला असता, कारण ५६०० हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या परीने राबवते. आयएसओचंही तेच. दोन कॅमेऱ्यांवर ८०० लिहिलं म्हणून उजेड सारखा नोंदला जात नाही.

म्हणजे बागेतली तुलना साफ खोटी आहे का? तसं नाही. 'डब्यातून काढला, बटण दाबलं, तर काय मिळतं' या प्रश्नाचं ते प्रामाणिक उत्तर आहे. लग्नाचे व्हिडिओ काढून त्याच रात्री पाठवणाऱ्याला हेच उत्तर हवं असतं. गडबड होते ती निकाल सांगताना. प्रश्न असतो सबंध साखळीचा, निकाल दिला जातो एका कडीच्या नावाने. संशोधनातही ही चूक नेहमीची. मोजतो एक, शीर्षक देतो दुसऱ्याला.

२०१२ ची मोठी तुलना

आता एक दर्जेदार उदाहरण घेऊ. कॅमेऱ्याची जोडसाधनं बनवणाऱ्या झकुटो या अमेरिकी कंपनीने २०१० पासून कॅमेऱ्यांच्या तुलनांवर माहितीपटांची मालिका केली. त्यातला २०१२ चा भाग सर्वांत गाजला. त्यात नऊ कॅमेरे होते. एका टोकाला आयफोन ४एस, दुसऱ्या टोकाला अॅरी अलेक्सा, रेड एपिक आणि सोनी एफ६५. मध्ये कॅनन ७डी, कॅनन सी३००, सोनीचे आणखी दोन आणि पॅनासोनिकचा जीएच२ हा छोटा, स्वस्त कॅमेरा. सगळ्यांनी एकच दृश्य टिपलं. एकदा सर्वांना सारख्या प्रकाशयोजनेत, आणि एकदा प्रत्येक कॅमेऱ्याच्या छायाचित्रणकाराला दिवे आणि नंतरची रंगदुरुस्ती आपल्या मनाप्रमाणे बदलायची मुभा देऊन. मग ते प्रेक्षकांना मोठ्या पडद्यावर दाखवलं, कॅमेऱ्यांची नावं झाकून, नुसत्या अक्षरांनी.

फ्रान्सिस फोर्ड कपोला एका खेळाला हजर होते आणि त्यांना जीएच२ चं चित्र आवडलं, ही बातमी तेव्हा जगभर फिरली. 'गॉडफादर'च्या दिग्दर्शकाने हजार डॉलरच्या आसपासचा कॅमेरा निवडला! विद्यार्थी फिल्मकारांना तर हे वाचून आनंदच झाला असणार.

यातल्या चांगल्या गोष्टी आधी सांगते. नावं झाकली, ही सर्वांत महत्त्वाची. किंमत माहीत असली की डोळा किंमत बघतो, चित्र बघत नाही. मोठ्या पडद्यावर दाखवलं, म्हणजे शेवटची कडी सगळ्यांसाठी एकच ठेवली. आणि सारखा प्रकाश व मनाचा प्रकाश असे दोन टप्पे वेगळे केले. 'यंत्र काय करतं' आणि 'यंत्राकडून काय करून घेता येतं' हे दोन प्रश्न वेगळे आहेत, याची जाण त्यामागे दिसते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे सिनॉप्सिस इतकी फोड करत नाहीत.

पण दुसऱ्या टप्प्याची रचना नीट बघा. प्रत्येक कॅमेऱ्यामागे वेगळा माणूस. दिवे त्याने लावले, रंगही त्याच्याच नजरेने ठरले. मग जीएच२ चं चित्र आवडलं याचं श्रेय कुणाला? कॅमेऱ्याला, दिवे लावणाऱ्याला, की रंग ठरवणाऱ्याला? हे वेगळं काढायची सोयच त्या रचनेत नाही. कॅमेरा आणि माणूस ही दोन चलं एकमेकांत अशी गुंतलीत की कुठलाही सांख्यिकी उपाय ती सोडवू शकणार नाही. उपाय प्रयोगाआधी करायचा असतो.

आणि उपाय कृषी महाविद्यालयातल्या मुलांना तोंडपाठ असतो: लॅटिन चौरस. समजा तीन कॅमेरे, तीन छायाचित्रणकार आणि तीन दृश्यं घेतली. प्रत्येकाने प्रत्येक कॅमेरा एकेकदा वापरायचा, दर वेळी वेगळ्या दृश्यासाठी, आणि प्रत्येक दृश्यही प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला एकेकदा यायचं. फक्त नऊ चित्रीकरणं. त्यातून कॅमेऱ्याचा, माणसाचा आणि दृश्याचा असे तीन परिणाम निदान ढोबळमानाने सुटे करता येतात. शेतात जमिनीचा कस एका कडेपासून दुसऱ्या कडेला बदलतो म्हणून बियाण्याचे वाण असे फिरवून लावतात, तीच युक्ती.

या मालिकेचा सूर 'साधनापेक्षा माणूस महत्त्वाचा' असा होता, आणि मला तो पटतोही. पण पटणं आणि सिद्ध होणं यात अंतर आहे. माणसाचा परिणाम कॅमेऱ्याच्या परिणामाहून मोठा, असं म्हणायचं तर दोन्ही वेगवेगळे मोजलेले हवेत. इथे ते मोजलेले नाहीत. कपोलांच्या पसंतीचं म्हणाल, तर एका जाणकाराचं एका दिवसाचं मत म्हणजे नमुन्यात एकच माणूस. टीव्हीच्या चित्राची गुणवत्ता प्रेक्षकांकडून तपासून घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.५०० नावाची शिफारस आहे. तिच्यात बसायचं अंतर, खोलीतला उजेड अशा गोष्टी ठरवून दिल्या आहेत आणि निदान पंधरा निरीक्षक घ्यावेत असं म्हटलं आहे. त्या तुलनेत एक कपोला, कितीही मोठे असले तरी, एकच.

येडलिन यांची चाल

दुसरं उदाहरण स्टीव्ह येडलिन यांचं. 'नाइव्ह्ज आउट' आणि 'द लास्ट जेडाय' यांचे हे छायाचित्रणकार. फिल्मचा 'लुक' डिजिटलला येत नाही, हा वाद त्यांनी वेगळ्याच बाजूने पकडला. तीच दृश्यं त्यांनी ३५ मिमी फिल्मवर आणि अॅरी अलेक्सावर टिपली. मग फिल्म कुठल्या प्रकाशाला कसा प्रतिसाद देते याचं गणिती प्रतिरूप केलं आणि ते अलेक्साच्या चित्रांना लावलं. रंगांच्या जोडीला फिल्मचा दाणा आणि उजळ कडांभोवती पसरणारी झळाळीसुद्धा. कुठलं काय हे न सांगता ती चित्रं दाखवली. कसलेल्या लोकांनाही ती ओळखणं अवघड जातं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कॅमेरा हे माहिती गोळा करायचं उपकरण आहे. ती माहिती पडद्यासाठी कशी तयार करायची हा वेगळा टप्पा आहे, आणि आपण ज्याला 'अमुक कॅमेऱ्याचा लुक' म्हणतो तो बहुतांशी या दुसऱ्या टप्प्यात घडतो.

तार्किकदृष्ट्या ही चाल झकुटोच्या तुलनेपेक्षा मजबूत आहे. 'अमुक गोष्ट शक्यच नाही' असा दावा असेल, तर तो पाडायला एक उदाहरण पुरतं. शंभर प्रेक्षक लागत नाहीत, सरासरी लागत नाही. 'डिजिटल कधीच फिल्मसारखं दिसणार नाही' हा तसला दावा होता. आणि दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्यांनी प्रत्येक शॉट नजरेने ओढूनताणून जुळवला असता तर त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं. त्यांनी जुळवणीचा नियम आधी बांधला आणि मग तो लावला. माझ्या आरएसीतल्या मॅडमचा प्रश्न त्यांना विचारला तर त्यांच्याकडे उत्तर आहे: जुळवलंय, पण या नियमाने.

मर्यादाही आहेत. या प्रयोगाचा अर्थ पुष्कळ जण 'सगळे कॅमेरे सारखेच' असा काढतात. तो चुकीचा आहे. येडलिन यांच्या हाती भरपूर माहिती टिपणारा कॅमेरा होता. जिथे माहिती आहे तिथे तिची मांडणी बदलता येते. जी टिपलीच नाही तिचं काय करणार?

चाकं फिरवून काय येतं, काय येत नाही

हे 'टिपलीच नाही' तीन प्रकारचं असतं.

पहिलं, कापलं गेलेलं. उजेड सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेला की पांढरा म्हणजे नुसता पांढरा. त्यात ढग होता की नव्हता, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

दुसरं, फेकून दिलेलं. ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. शिवाय बहुतेक फोन आणि साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने नोंदवतात. उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची, पण रंगाची नोंद चार बिंदूंत एक. बघताना डोळ्याला ते जाणवत नाही. पण फिकट भाग ताणून गडद करायला गेलं की आकाशात जिन्यासारख्या पट्ट्या उमटतात.

तिसरं सगळ्यांत फसवं. साडीवर ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली कुठलीही बाई कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येते आणि उन्हात धरून बघते. आत ट्यूबच्या उजेडात अगदी जुळलेला मोरपंखी बाहेर वेगळाच निघतो, हे तिला अनुभवाने माहीत असतं. दोन रंगद्रव्यं एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. तेच कॅमेऱ्यांचं. प्रत्येक सेन्सरच्या लाल-हिरव्या-निळ्या जाळीचा प्रतिसाद वेगळा असतो, आणि माणसाच्या डोळ्याशीही तो तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे दोन कापडं एका कॅमेऱ्यात वेगळी आणि दुसऱ्यात सारखी येऊ शकतात. एकदा का दोन्हींचे आकडे सारखे नोंदले गेले, की नंतर चाकं फिरवून त्यांना वेगळं करता येत नाही. एकाला हलवलं की दुसरंही हलतं.

म्हणून कॅमेऱ्यांची तुलना करायची तर प्रश्न 'कुठल्याचा रंग चांगला' असा नको. या तीन प्रकारची माहिती कुठला किती राखतो, ते तपासावं. बागेतल्या व्हिडिओने नेमकं हेच तपासलं नव्हतं.

फोनने माझ्या बीकरचं काय केलं

आता परत माझ्याकडे. बैठकीनंतर मी मूळ फाइल काढल्या आणि या वेळी बीकर सोडून त्यामागचा पांढरा कागद बघितला. द्रावण लाल झालं की कागद निळसर, द्रावण निळं झालं की कागद पिवळसर. फोनचं श्वेत संतुलन आपोआप वर होतं. चौकटीभर लाल दिसलं की फोन समजायचा, दिवाच लालसर आहे, आणि लाल उतरवायचा. म्हणजे अभिक्रिया एका बाजूला ओढत होती आणि फोन दुसऱ्या. मी मोजलेलं आंदोलन हे त्या दोघांच्या भांडणाचं होतं. कागदावरून दुरुस्ती करावी म्हटलं, तर बऱ्याच फ्रेममध्ये कागद उजेडाने कापला गेला होता. वर सांगितलेला पहिला प्रकार.

शिवाय एक मूलभूत चूक. द्रावणातून किती प्रकाश शोषला गेला हे बिअर-लँबर्ट नियमाने काढायचं तर पार झालेल्या प्रकाशाचं प्रमाण लागतं. व्हिडिओतला आकडा प्रकाशाच्या प्रमाणात नसतो, तो वक्र लावून नोंदलेला असतो. टीव्हीच्या रेक.७०९ मानकातल्या सूत्राने १८ टक्के प्रकाश हा सुमारे ४१ टक्के संकेतावर बसतो. तो वक्र उलटवल्याशिवाय केलेलं माझं सगळं गणित वाकडं होतं.

वाचलं काय? दोलनकाल. लाल ते लाल किती सेकंद, याला रंगाची अचूकता लागत नाही, वळणाची वेळ लागते. तीही नीट काढावी लागली, कारण फोन बऱ्याचदा सेकंदाला समान फ्रेम घेत नाहीत. फ्रेम मोजून वेळ काढला तर चुकतो, प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ वाचावी लागते. ते केलं आणि दोलनकालाचा भाग प्रबंधात राहिला. आंदोलनाच्या उंचीचा सगळा भाग मी काढून टाकला. काढताना जिवावर आलं, हे कबूल करते.

सिनेमाचा नियम आणि आपला नियम

सिनेमात रंग बदलणं ही लबाडी नाही, ती कलाच आहे. दोन कॅमेऱ्यांचे शॉट एकाच दुपारचे वाटले पाहिजेत, हा तिथला हेतू, आणि डोळा हाच तिथला शेवटचा न्यायाधीश. आपल्याकडे हेतू वेगळा, म्हणून नियमही वेगळा. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीत २००४ साली माइक रॉसनर आणि केनेथ यामाडा यांनी प्रतिमांमधल्या फेरफारांवर एक लेख लिहिला. संशोधनाला लागण्याआधी प्रत्येकाने तो वाचावा. त्यातलं सार असं की उजेड किंवा कॉन्ट्रास्ट बदलायला हरकत नाही, पण बदल सबंध प्रतिमेला सारखा लावलेला हवा आणि त्याने मूळची कुठलीही माहिती झाकली जाता कामा नये. मी यात माझं एक वाक्य जोडते: दुरुस्तीचा नियम प्रयोगाच्या निकालावरून ठरवू नका, प्रयोगाबाहेरच्या कशावरून तरी ठरवा.

आता मी असं करते. श्वेत संतुलन, उजेड, शटर, फोकस सगळं हाताने कुलूपबंद. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर दिव्याच्या लुकलुकण्याने पट्टे येतात. बीकरशेजारी एक करडी पट्टी प्रत्येक फ्रेममध्ये, कापली जाणार नाही अशा उजेडात. सुरुवातीला आणि शेवटी २४ चौकटींचा रंगतक्ता. दुरुस्तीचं गणित १८ चौकटींवरून बांधायचं आणि न वापरलेल्या ६ चौकटींवर तपासायचं. ज्यांच्यावरून नियम बांधला त्यांच्यावरच तो खरा ठरला, याचं कौतुक नको.

आणि तक्त्यावरही पूर्ण भरवसा नाही. तक्त्यावरचा लाल आणि फेरॉइनचा लाल ही वेगळी द्रव्यं आहेत. मॅचिंग सेंटरची पायरी आठवा. म्हणून फेरॉइनच्या दोन रूपांची ज्ञात प्रमाणातली मिश्रणं करून प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा प्रमाणवक्र काढते, आणि दर काही प्रयोगांमागे एक प्रयोग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१० नॅनोमीटरला ताडून बघते. दोन कॅमेऱ्यांची चित्रं आता शेजारीशेजारी लावली तर अजिबात सारखी दिसत नाहीत. त्यांच्यावरून काढलेली प्रमाणं मात्र एकमेकांच्या जवळ येतात. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या डिस्कवर असते आणि तिला कुणी हात लावत नाही, मीसुद्धा.

त्या मुलीला शेवटी मी उलट विचारलं, "तुला व्हिडिओतून नक्की काय मोजायचंय?" ती म्हणाली, शेवाळाची वाढ, रोज किती हिरवं होतं ते. मग तिला सांगितलं की नवा कॅमेरा घेऊच नकोस. विभागातला जुना घे, ज्यात सगळं हाताने लावता येतं. उरलेल्या पैशांत रंगतक्ता, एक चांगला दिवा आणि जादाची हार्ड डिस्क घे. परवा तिचा पहिला व्हिडिओ आला. चित्र निस्तेज, करडं, बघवत नाही असं. करडी पट्टी मात्र पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत जिथल्या तिथे होती.